माय फेअर लेडी : आधी कान, मग डोळे

“मावशी, इथल्या हायस्कूलच्या मुलांनी ‘माय फेअर लेडी’ बसवलंय. लेकीला घेऊन जायचं म्हणतेय. त्याआधी तिला पिक्चर दाखवून ठेवू का? म्हणजे गोष्ट कळेल.” एडिसनहून भाचीचा हा निरोप आला तेव्हा इथे डोंबिवलीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते. “पिक्चर आधी मुळीच नको” एवढं लिहून मी फोन उशाशी ठेवला. सकाळी उठते तो तिचं एका अक्षराचं उत्तर : “का?”

त्या ‘का’चं हे उत्तर. एकाच गोष्टीची चार-पाच रूपं समोर आहेत आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही, अशा कुणाच्याही उपयोगी पडेल.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये फुलं विकणारी एलायझा डूलिटल, उच्चारांचा प्रोफेसर हेन्री हिगिन्स आणि कर्नल पिकरिंगशी लागलेली पैज : सहा महिन्यांत हिची भाषा अशी बदलतो की खानदानी बाई म्हणून खपून जाईल. जॉर्ज बर्नार्ड शॉचं मूळ नाटक ‘पिग्मॅलियन’, लंडनमध्ये १९१४ साली आलेलं. शॉ हयात होता तोवर त्याने त्यावर गाण्यांचं नाटक होऊ दिलं नाही. तो १९५०मध्ये गेला. मग अ‍ॅलन जे लर्नरचे शब्द आणि फ्रेडरिक लोवचं संगीत घेऊन ‘माय फेअर लेडी’ १५ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरात उभं राहिलं, ते २७१७ प्रयोग होईपर्यंत उतरलं नाही.

आता पिक्चर आधी का नको. २०१८च्या उन्हाळ्यात मी भाचीकडे गेले होते आणि तिने मला लिंकन सेंटरला याच नाटकाच्या नव्या प्रयोगाला नेलं होतं. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीतल्या आजीबाई बोलायला लागल्या. लहान असताना आईने त्यांना मार्क हेलिंजरमध्ये नेलं होतं. एलायझा ज्यूली अँड्र्यूजच. “आणि अ‍ॅस्कॉटच्या शर्यतीतली तिची ती टोपी! केवढा तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बो!” मी मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकली. ती टोपी ज्यूलीची नव्हेच, १९६४च्या चित्रपटातली ऑड्री हेपबर्नची. नाटकाचे आणि चित्रपटाचेही कपडे सेसिल बीटननेच केले होते, त्यामुळे दोन्हींचा थाट एकच. आजींच्या डोक्यात चित्रपटाने हळूच येऊन नाटकाच्या जागी बस्तान मांडलं होतं. आयुष्यात एकदाच पाहिलेली ज्यूली त्यांच्यापाशी होती खरी, पण ऑड्रीची टोपी घालून.

चित्रपट हा असा घुसखोर असतो. म्हणून तो शेवटी.

सुरुवात ऐकण्याने करावी, असं माझं ठाम मत आहे. १९५६च्या मूळ नटसंचाची ध्वनिमुद्रिका आज फोनवर सहज मिळते. या नाटकाचा सगळा खर्च सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने उचलला होता आणि त्यांच्याच कोलंबिया रेकॉर्ड्सने पडदा उघडला त्याच महिन्यात ती मुद्रित करून घेतली. ज्यूली तेव्हा वीस वर्षांची. तालमीत ती इतकी चाचपडत होती की दिग्दर्शक मॉस हार्टने बाकीच्या मंडळींना सुट्टी दिली आणि दोन दिवस तिला एकटीला घेऊन ओळ न् ओळ घोटून घेतली. खरा हिगिन्स म्हणायचा तर तोच. ही हकिकत ठाऊक असली की एलायझाचं ‘जस्ट यू वेट’ हे चिडीचं गाणं वेगळंच ऐकू येतं. त्या मुलीला राग कुठून आणावा हे शोधावं लागलं नसणार.

आणि हिगिन्स झालेला रेक्स हॅरिसन. त्याला गाता येत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. तो गाणं बोलतो. सुराच्या काठाकाठाने चालतो, मध्येच एखाद्या शब्दावर पाय ओला करतो आणि परत वर. संगीत नाटकावर पोसलेल्या आपल्या कानांना पहिल्यांदा वाटतं, हा काय प्रकार! दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळतं की शब्दांवर जगणाऱ्या माणसाने असंच गायला हवं. न्यूयॉर्कला येण्याआधी न्यू हेवनला पहिल्या जाहीर प्रयोगाच्या दिवशी बाहेर बर्फाचं वादळ आणि आत हा गडी वाद्यवृंदाला घाबरून रंगमंचावर यायलाच तयार नव्हता. शेवटी आला. त्याच मुक्कामात एलायझावर भाळलेल्या फ्रेडीचं ‘ऑन द स्ट्रीट व्हेअर यू लिव्ह’ पडलं. काढून टाका असं ठरत आलं होतं. लर्नरने सुरुवातीचे शब्द बदलले, म्हणजे गाणारा पोरगा कोण हे लोकांना आठवेल. पुढे तेच गाणं सगळीकडे गेलं.

घेताना एक लक्षात ठेव. याच मुख्य नटांची १९५९ची लंडनची ध्वनिमुद्रिकाही आहे, ती स्टिरिओ. आवाज जास्त भरीव, पण सगळे जरा सरावलेले वाटतात. मी १९५६चीच घेईन, मोनो असली तरी. तिच्यात धाकधूक आहे.

आता चित्रपट. तो वाईट आहे असं मी म्हणतच नाही. जॉर्ज क्यूकरचं दिग्दर्शन, जवळजवळ तीन तासांची लांबी, आठ ऑस्कर. हॅरिसनने गाणी आधी मुद्रित करायला नकार दिला, म्हणून त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक दडवून ती सेटवरच घेतली. ते फार बरं झालं : त्याचं बोलत-गाणं ओठांशी तंतोतंत जुळतं. अ‍ॅस्कॉटचा प्रसंग तर नुसता पाहत राहावा. काळं, पांढरं, राखाडी. सगळे मान ताठ करून उभे. घोडे धावतात तरी कुणाची पापणी लवत नाही. ऑड्रीचा त्यातला पोशाख २०११ साली लिलावात गेला तेव्हा बोली ३७ लाख डॉलरवर जाऊन थांबली होती.

पण. जॅक वॉर्नरने ५५ लाख डॉलर मोजून हक्क घेतले आणि ज्यूलीला वगळलं, कारण तिला चित्रपटात कुणी ओळखत नव्हतं. ऑड्रीने गाण्यासाठी मेहनत घेतली, पण बहुतेक गाणी शेवटी गायिका मार्नी निक्सनच्या आवाजात गेली. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला यात गैर काय, असं वाटेल. मलाही वाटायचं. पण इथे गोष्टच आवाजाची आहे. एका मुलीचा आवाज बदलून तिची किंमत वाढवण्याची गोष्ट, आणि त्यातल्या नटीचाच आवाज काढून दुसरा बसवला! ‘जस्ट यू वेट’मध्ये ऑड्रीचा स्वतःचा आवाज थोडा राहिला आहे. तो ओरखडल्यासारखा येतो आणि पुढच्याच क्षणी रेशमी होतो. ती शिवण एकदा कानाला कळली की कळतच राहते. त्या वर्षीचं अभिनेत्रीचं ऑस्कर ज्यूलीला मिळालं, ‘मेरी पॉपिन्स’साठी. ऑड्रीला नामांकनही नव्हतं.

शिवाय माझ्या मते ऑड्री सुरुवातीची फुलवाली वाटत नाही. चेहऱ्याला काजळी फासलेली राजकन्या वाटते. पैज जिंकणार हे पाहणाऱ्याला पहिल्याच दृश्यात कळतं.

१९३८चा ‘पिग्मॅलियन’ हा गाणी नसलेला, काळा-पांढरा इंग्रजी चित्रपट वेळ असेल तर जरूर पाहा. वेंडी हिलरची एलायझा खरीच रस्त्यावरची वाटते. एलायझाकडून उच्चारांसाठी घोकून घेतलेली स्पेनच्या पावसाची ती प्रसिद्ध ओळ आणि ज्यावर सगळे भांडतात तो शेवट, दोन्ही ‘माय फेअर लेडी’त या चित्रपटातून आलंय; शॉच्या रंगमंचावरच्या नाटकात ते नव्हतं. पटकथेचं ऑस्कर मात्र शॉला आणि त्याच्या सहलेखकांना मिळालं.

त्या शेवटाबद्दल सांगायलाच हवं, कारण निवड खरी तिथे होते. एलायझा हिगिन्सला सोडून जाते. तो घरी येऊन तिच्या जुन्या आवाजाची तबकडी ऐकत बसतो. ती मागून येते, यंत्र बंद करते आणि तेच वाक्य स्वतः म्हणते. तो खुर्चीत रेलतो, टोपी डोळ्यांवर ओढतो आणि विचारतो, माझ्या सपाता कुठे आहेत? पडदा. शॉला हे कधीच मान्य नसतं. १९१४च्या प्रयोगात हिगिन्स झालेल्या नटाने शेवटी एलायझाकडे फुलं फेकली तर तो संतापला होता. पुढे त्याने नाटकाला लांबलचक शेवटचा मजकूर जोडून एलायझाचं फ्रेडीशी लग्न लावलं आणि तिला फुलांचं दुकान काढून दिलं, म्हणजे कुणाला शंकाच नको.

२०१८च्या प्रयोगात दिग्दर्शक बार्टलेट शेरने संवाद ठेवले आणि पावलं बदलली. सपातांचा प्रश्न आल्यावर लॉरेन अँब्रोजची एलायझा काही क्षण उभी राहिली, हिगिन्सच्या गालाला हात लावला, रंगमंचावरून खाली उतरली आणि प्रेक्षकांतून चालत निघून गेली. आमच्या रांगेत कुणीतरी ‘यस!’ म्हणालं. शेजारच्या आजी मात्र हिरमुसल्या. “ती राहायची,” त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी ती राहायची.” त्या प्रयोगात हिगिन्सचं विंपोल स्ट्रीटवरचं अख्खं घर फिरत्या रंगमंचावर वळायचं, खोल्यांमागून खोल्या, वाद्यवृंदही चांगला मोठा होता. मला त्यातलं आता धूसर आठवतं. आजींचं ते वाक्य आठवतं. आणि हो, जिथे त्यांनी ज्यूलीला पाहिलं ते मार्क हेलिंजर आता नाट्यगृह नाही, चर्च आहे.

आपल्याकडचं रूप वगळून हा हिशोब पुरा होत नाही. पु. ल. देशपांड्यांचं ‘ती फुलराणी’ १९७५चं : भक्ती बर्वे मंजुळा आणि सतीश दुभाषी प्रोफेसर. आधार ‘पिग्मॅलियन’चा. पण ज्या स्वगतावर शाळाशाळांतल्या मुली अजून स्पर्धा मारतात, ते ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’, तसं स्वगत शॉमध्ये नाही. ते ‘जस्ट यू वेट’च्या जागी येतं. म्हणजे पुलंच्या कानात ब्रॉडवेची एलायझाही असणार, असा माझा कयास. गंमत अशी की मूळ गाण्यापेक्षा मराठी स्वगत जास्त टोचतं. इंग्रजी एलायझा ‘ह’ खाते आणि तिची थट्टा होते. चित्रपटात तर ‘ह’ उमटतो की नाही हे पाहायला ज्योतीपुढे बसवतात आणि कागद पेट घेतो. आपल्याकडे ‘पानी’ म्हणणारी मंजुळा ‘पाणी’ म्हणायला लागते तेव्हा ‘न’ आणि ‘ण’ यांच्यामधे नुसती गरिबी नसते, जातही असते, गावही असतं. हसता हसता ते घशात अडकतं. लहानपणी मी खो खो हसायचे. आता तेवढं हसू येत नाही.

पुढे प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीही मंजुळा केली. २०२३चा ‘फुलराणी’ चित्रपट सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकरचा. बासू चटर्जींचा हिंदी ‘मनपसंद’ १९८०चा. त्यात स्पेनच्या पावसाच्या जागी ‘चारु चंद्र की चंचल चितवन’ आहे, ती युक्ती मात्र झकास. बाकी एखाद्या पावसाळी दुपारी, कांदाभजी असतील तर.

तर आता तुझ्यापुरतं. लेक अकरा वर्षांची, मराठी कळतं पण बोलताना अमेरिकन ‘र’ लागतो, आणि आजी त्यावरून तिला चिडवते हे मला माहीत आहे. तिला आधी गाडीत १९५६ची गाणी ऐकव. गोष्ट सांगू नकोस. कोण कुणावर ओरडतंय हे तिचं तिला ओळखू दे. मग शाळेचा प्रयोग. तिथली एलायझा सोळा-सतरा वर्षांची असेल, कदाचित तिचेही आईवडील कुठून तरी वेगळा उच्चार घेऊन आलेले असतील. तिचा लंडनी हेल गडबडेल, वरच्या पट्टीत आवाज फाटेल, फाटू दे. दात काढून नवे बसवल्यासारख्या त्या गुळगुळीत गाण्यांपेक्षा ते बरं. मुलं ‘द रेन इन स्पेन’ला सोफ्यावर कोसळतील तेव्हा अख्खं सभागृह टाळ्या वाजवेल, तुम्हीही वाजवा. चित्रपट नंतर, एखाद्या लांब सुट्टीत, दोन बैठकांत. आणि मे महिन्यात इकडे याल तेव्हा फुलराणीचा प्रयोग कुठे लागला असेल तर मी तिकिटं काढून ठेवते.

तुला स्वतःला एकटीला, एकदाच, काही तरी पाहायचं असेल आणि जिवंत प्रयोग जवळ नसेल, तर चित्रपट बघ बाई. अ‍ॅस्कॉटसाठी आणि हॅरिसनसाठी. फक्त आदल्या दिवशी ज्यूलीचा आवाज ऐकून मग बस.

शाळेच्या प्रयोगाला आतल्या वाटेलगतच्या खुर्च्या घे. त्यांच्या बाईंनी किंवा सरांनी २०१८चा शेवट पाहिला असेल तर पोरगी तुमच्या अंगावरून निघून जाईल. नसेल पाहिला तर ती थांबेल आणि तो सपाता मागेल. त्या वेळी लेक काय म्हणते ते मला लगेच कळव. इकडे कितीही वाजले असले तरी.