आठ महिने, रोज बारा पोळ्या आणि ‘रायटिंग एक्स्क्यूजेस’

गेल्या दिवाळीत एका अंकाने माझी विज्ञानकथा साभार परत पाठवली. सोबत संपादकांची एका ओळीची चिठ्ठी होती: कल्पना आवडली, पण शेवट वरून टाकल्यासारखा वाटतो. ती ओळ मी आठवडाभर पर्समध्ये घेऊन पतसंस्थेत जात होते. वरून टाकल्यासारखा म्हणजे नेमका कुठून टाकल्यासारखा? भाचीला विचारलं, तर तिने फोन मागून घेतला आणि ‘रायटिंग एक्स्क्यूजेस’ हा कथालेखन शिकवणारा पॉडकास्ट लावून दिला. म्हणाली, “मावशी, पोळ्या करताना ऐक. एक भाग पंधरा मिनिटांचा असतो.”

कणीक भिजलेली असेल तर पंधरा मिनिटांत माझ्या बारा पोळ्या होतात. तेव्हापासूनचा हा हिशोब.

ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतल्या तिघांनी हा सुरू केला. जाडजूड फँटसी कादंबऱ्या लिहिणारा ब्रँडन सँडरसन, भयकथा लिहिणारा डॅन वेल्स आणि हॉवर्ड टेलर. हा टेलर म्हणजे आंतरजालावर वीस वर्षं, २००० ते २०२०, एकाही दिवसाचा खंड न पाडता विनोदी विज्ञान-चित्रमालिका काढणारा माणूस. २०११ पासून लेखिका मेरी रॉबिनेट कोवाल त्यांच्यात आली. २०१३ मध्ये सातव्या हंगामाला ह्युगो हा विज्ञानकथा-फँटसीतला मानाचा पुरस्कार मिळाला. आता सँडरसन नियमित नसतो. डाँगवॉन साँग हे साहित्यिक एजंट आणि एरिन रॉबर्ट्स ही लेखिका असतात. पैसे पडत नाहीत, जाहिराती ऐकाव्या लागतात.

त्यांचं ब्रीदवाक्य असं की भाग पंधरा मिनिटांचा, कारण तुम्ही घाईत आहात आणि आम्ही काही तेवढे हुशार नाही. दुसरा भाग विनय म्हणून सोडून द्या. पहिलाही अलीकडे खरा राहिलेला नाही. नव्या हंगामांतले भाग वीस-पंचवीस मिनिटं सहज चालतात. म्हणजे पोळ्या होऊन गॅस पुसून झाला तरी यांचं चालूच.

पहिला महिना मी फुकट घालवला, हे आधीच कबूल करते. रोज दोन-तीन भाग ऐकायचे, मान डोलवायची, “किती बरोबर बोलली!” म्हणायचं आणि झोपायचं. नवविधा भक्तीतली श्रवणभक्ती तेवढी झाली, लिहिली एक ओळ नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी ते गृहपाठ देतात आणि तिथेच मी नेमकी पुढचा भाग लावत होते. डिसेंबरात स्वतःला नियम घातला: गृहपाठ वहीत उतरल्याशिवाय पुढचा भाग नाही. पतसंस्थेची जुनी डायरी कोरी पडली होती, तीच घेतली. त्या दिवसापासून हा पॉडकास्ट मला उपयोगी पडायला लागला. त्याआधी तो नुसता कानाला गोड होता.

सुरुवात करायची तर दहाव्या हंगामापासून करा. २०१५ चा हा हंगाम वर्षभराचा अभ्यासक्रम असल्यासारखा रचलाय. पहिलाच गृहपाठ असा की पाच कथाकल्पना पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून आणायच्या. एक कुणाशी झालेल्या बोलण्यातून, एक वाचनातून, एक निरीक्षणातून, एक सिनेमा वगैरेतून आणि एक संगीतातून. माझ्या पाचांतल्या तीन दुसऱ्या दिवशीच शिळ्या झाल्या. निरीक्षणातली मात्र टिकली. आमच्या काउंटरवर दर सोमवारी एक आजोबा नुसतं पासबुक भरून घ्यायला येतात, व्यवहार एकही नसतो. ती कथा अजून डायरीत आहे.

आता त्या परत आलेल्या कथेबद्दल. माझं माहेर हर्णैचं. कथा भरतीवर होती. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. माझ्या कथेत एका पंचमीला भरती अर्धा तास उशिरा येते आणि शेवटच्या पानावर एक शास्त्रज्ञबाई येऊन नियम काय, तो का मोडला, सगळं समजावून सांगतात. मला ती बाई फार आवडायची.

सँडरसनचा एक नियम आहे, तो त्याला ‘पहिला नियम’ म्हणतो. जादूने पेच सोडवायचा असेल तर ती जादू वाचकाला आधी जितकी समजलेली असेल तितकाच लेखकाचा त्यावर हक्क. त्याने हे जादूबद्दल मांडलंय, पण विज्ञानकथेतल्या विज्ञानालाही ते शब्दशः लागू पडतं. हे ऐकलं तेव्हा तव्यावरची पोळी करपली, खरंच करपली. माझी शास्त्रज्ञबाई म्हणजे तेच ‘वरून टाकलेलं’ होतं! वाचकाला पाऊणपटीचा नियम माहीतच नव्हता. मग तो मोडल्याचं त्याला काय वाटणार?

पुन्हा लिहिताना नियम पहिल्याच पानावर आणला, तोही आजीच्या तोंडी. नात विचारते, पाणी कधी चढणार? आजी बोटं मोडत म्हणते, आज चतुर्थी, म्हणजे तीनला. बस. पुढे पंचमी उजाडते तेव्हा मी वेळ सांगतच नाही. वाचक मनात गुणाकार करतो, पावणेचार. पावणेचार वाजतात आणि खाडी कोरडी. तिथे कुणी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. शास्त्रज्ञबाई आता कथेत एका वाक्यापुरती आहे आणि तेही ती वाक्य अर्धं सोडते.

यात एक गंमत झाली. मसुदा हर्णैच्या काकांना वाचून दाखवला. ते पूर्वी तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य, होते. म्हणाले, “अगो, अर्धा तास मागेपुढे नेहमीचाच. वारा कसा आहे त्यावर असतं. याला कोण घाबरणार?” त्याच आठवड्यात सँडरसनचा दुसरा नियम ऐकला, की शक्तीपेक्षा तिच्या मर्यादा जास्त रंजक असतात. पाऊणपट हा अंदाज आहे, पंचांग नव्हे. ती मर्यादासुद्धा आजीच्याच तोंडी घातली आणि उशीर अर्ध्या तासावरून दोन तासांवर नेला. काकांना आता भीती वाटते म्हणे.

दुसरी कामाची गोष्ट कोवालकडून मिळाली. मूळ कल्पना ऑर्सन स्कॉट कार्ड या विज्ञानकथालेखकाची, पण हिने ती मांडून दाखवली ती अशी: कथेतले धागे चार प्रकारचे. एखाद्या ठिकाणी जाणं-येणं, एखादा प्रश्न, माणसाचं स्वतःशी असलेलं भांडण आणि बाहेरून आलेली उलथापालथ. जो धागा आधी उघडला तो शेवटी मिटवायचा, जो शेवटी उघडला तो आधी. ती हे संगणकाच्या भाषेतल्या खुणांवरून समजावते. मला त्यापेक्षा सातवीच्या बीजगणितातले कंस आठवले. छोटा कंस आधी सोडवा, मग महिरपी, मग चौकटी. कुलकर्णी सरांनी छड्या मारून शिकवलेलं इतक्या वर्षांनी कथेत कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

माझ्या जुन्या कथेत नायिका एसटीने हर्णैला येते, हा चौकटी कंस. मग भरतीचा प्रश्न उघडतो, तो महिरपी. आणि मी काय केलं होतं, तर तिला परतीच्या एसटीत बसवलं, गाडी सोडली आणि मग खेडच्या स्टँडवर फोन येऊन उत्तर कळतं. बाहेरचा कंस आधी मिटवला, आतला उघडा! वाचताना काहीतरी खटकायचं, पण काय ते सापडत नव्हतं. आता उत्तर जेट्टीवर मिळतं, मग एसटी सुटते. बदल केवढा, तर दोन परिच्छेदांची अदलाबदल.

कोवाल मुळात व्यावसायिक कळसूत्री कलाकार आहे. बाहुली कुठे बघते यावरून ती काय विचार करतेय हे प्रेक्षकाला कळतं आणि तिच्या श्वासावरून भावना कळते, हे ती पात्रांना लावून दाखवते. पिंगुळीच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना हे एका मिनिटात पटेल. डॅन वेल्सच्या सात टप्प्यांच्या आराखड्याने माझं काही भलं झालं नाही. शेवटापासून मागे या, असं तो म्हणतो. मला शेवट माहीत असेल तर मी लिहीतच नाही.

लेखक नव्या कादंबऱ्यांबद्दल बोलतात ते भाग कसे? अर्धे जाहिरातवजा. पुस्तक कसं सुचलं, नायिका कशी कणखर आहे, कुठे मिळेल. पण जेव्हा कुणी आपली फजिती सांगतो तेव्हा मी पीठ लागलेल्या हाताने आवाज मोठा करते. कोवालची ‘द कॅल्क्युलेटिंग स्टार्स’ घ्या. २०१८ ची, १९५२ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर उल्का पडते अशी कल्पना, पुढे ह्युगो आणि नेब्युला दोन्ही मिळाले. अंतराळवीरांची बोली आपल्याला येत नाही, म्हणून ती मसुद्यात चौकटी कंस टाकून त्यात नुसतं ‘तांत्रिक शब्द’ असं लिहून पुढे जाते आणि नंतर खऱ्या अंतराळवीरांकडून ते कंस भरून घेते. ही युक्ती मी जशीच्या तशी उचलली. माझ्या वहीत लिहिलं होतं, ‘[पाणी कमी चढतं ते दिवस]’. काकांनी एका शब्दात भरलं: भांग. मी हर्णैची असून विसरले होते.

आता तक्रारी. सँडरसन धरून जुने चौघं एकमेकांचे मित्र, त्यामुळे आपसातले विनोद फार. उदाहरणं बहुतेक अमेरिकी सिनेमांची, त्यातले निम्मे मी पाहिलेले नाहीत. बोलण्याचा वेग सुरुवातीला झेपला नाही. जुन्या भागांच्या लिखित संहिता श्रोत्यांपैकी कुणीतरी हौसेने आंतरजालावर ठेवल्या आहेत, त्यांनी तारलं. २०२४ च्या हंगामात त्यांनी एकेक पुस्तक, एकदा काही लघुकथा, घेऊन त्यांची चिरफाड केलीय. रचनेसाठी एन. के. जेमिसिनची ‘द फिफ्थ सीझन’ घेतलीय. हे भाग उत्तम आहेत, पण पुस्तक आधी वाचलं नाही तर रहस्य फुटतं. आणि अशी सगळी पुस्तकं सांगलीत बसून मागवायची तर महिन्याच्या किराण्याला हात घालावा लागतो.

खरी उणीव वेगळीच आहे आणि तिचा दोष त्यांच्याकडे जात नाही. वाक्यांबद्दलचे त्यांचे सल्ले इंग्रजीचे आहेत. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे धक्का वाक्याच्या टोकाला आपोआप बसतो. आपल्याकडे एखादं पात्र ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरलं की नातं बदललं, वेगळं वर्णन लागत नाही. या हत्यारांबद्दल मराठीत कोण बोलतं? आपल्या मुलाखतींत प्रेरणा विचारतात, बैठक विचारतात, सुतारकाम कुणी विचारत नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. हा किस्सा आपण सगळे सांगतो. त्या कथेत त्यांनी विज्ञान कुठल्या पानावर आणि का उघड केलं, यावर पंधरा मिनिटं बोलणारं कुणी मला तरी भेटलेलं नाही. मी ती आता पुन्हा वाचतेय, पेन्सिल घेऊन.

आठ महिन्यांत ऐकलेले भाग साधारण शंभर, त्यांतले पहिले साठ वाया. लिहिलेले गृहपाठ एकतीस. भरतीची कथा गेल्या आठवड्यात दुसऱ्या अंकाला पाठवली. पाठवण्याआधी काकांना फोनवर शेवटची प्रत वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पंचमीचं कळलं. पण षष्ठीला साडेचारला आलं का पाणी?”