रात्रीची भाकरी की पहाटेचं केळं?

भाचा पोलीस भरतीच्या तयारीसाठी अंबाजोगाईहून आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला राहायला आला आणि दुसऱ्याच रात्री त्यानं ताटातली भाकरी बाजूला सारली. "मामा, सातनंतर कार्ब्स बंद. ग्राउंडवरच्या पोरांनी सांगितलंय." त्याची मामी तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "तुझे आबा रात्री तीन भाकऱ्या खाऊन पहाटे मोट हाकायचे. त्यांचं कुठं सुटलं होतं पोट?"

त्या दिवसापासून आमच्या घरात हा वाद चालू आहे. खरं तर दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. मी पहाटे गोगाबाबा टेकडी चढतो. भाचा सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मैदानावर असतो. शेजारी दुकान बंद करून रात्री आठला बॅडमिंटन खेळायला जातात. एकाच गल्लीतल्या आम्हा तिघांना एकच उत्तर लागू पडत नाही. म्हणून तुम्ही व्यायाम कधी करता, हे आधी ठरवा आणि मग पुढचं वाचा.

रात्री पोटभर, पहाटे रिकाम्या पोटी

शरीर पिष्टमय पदार्थांचा, म्हणजे भाच्याच्या 'कार्ब्स'चा, साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतं. स्नायूंत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम. रात्री आपण झोपलेलो असताना मेंदूचा खर्च यकृतातल्या साठ्यातून चालतो, त्यामुळे सकाळपर्यंत तो बराच उतरतो. स्नायूंतला साठा मात्र झोपेत जवळपास तसाच राहतो. म्हणजे पहाटे पाऊण-एक तास टेकडी चढणाऱ्याचे पाय काल रात्रीच्या भाकरीवरच चालतात. उठल्या उठल्या काही खाल्लंच पाहिजे असं नाही.

भरतीच्या १६०० मीटरला तर हा प्रश्नच येत नाही. ती पाच-सहा मिनिटांची धाव. तेवढ्यात इंधन संपत नाही, पण पोटात पोहे डुचमळत असतील तर दुसऱ्या फेरीतच कळ येते. १०० मीटर आणि गोळाफेकीलाही हेच लागू.

आता झोप. २००७ साली सिडनीच्या संशोधकांनी १२ निरोगी पुरुषांवर एक प्रयोग केला. झोपण्याच्या चार तास आधी लवकर पचणारा भात दिला तेव्हा त्यांना सरासरी ९ मिनिटांत झोप लागली, सावकाश पचणारा भात दिला तेव्हा साडेसतरा मिनिटं लागली. तोच लवकर पचणारा भात झोपण्याच्या एक तास आधी दिला, तर साडेचौदा मिनिटांच्या आसपास. यामागचं कारण असं मानतात: इन्सुलिन वाढलं की बाकीची अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) स्नायूंकडे जातात, ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लाला मेंदूत शिरायला वाट मोकळी होते आणि त्यापासून पुढे झोपेची रसायनं तयार होतात.

पण या प्रयोगाचा हवाला देऊन कुणी रात्री ताटभर भात चेपू नये. माणसं अवघी बारा, आणि मोजली ती झोप लागायला गेलेली मिनिटं. लागलेली झोप कशी होती हा वेगळा प्रश्न. २०१६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ज्यांच्या दिवसभराच्या खाण्यात साखर आणि संपृक्त चरबी जास्त, तंतू कमी, त्यांची झोप उथळ दिसली; साखर जास्त तशी मध्येच जाग येणंही जास्त. मला यात विरोध दिसत नाही. पटकन झोप लागणं वेगळं आणि सकाळपर्यंत ती टिकणं वेगळं. भाकरीत तंतू भरपूर असतात, ती सावकाश पचते. तिनं झटकन डोळा लागणार नाही, पण रात्री उठून बसायचीही वेळ यायची नाही.

शिवाय 'चार तास आधी' हे शब्द विसरू नका. साडेदहाला झोपणाऱ्यानं साडेसहाला जेवायचं. आबा दिवेलागणीला जेवायचे, त्यांना कुणाच्या प्रयोगाची गरज पडली नाही. आम्ही जेवायचो दहाला. गेल्या हिवाळ्यात मी साडेदहाला झुणका, ठेचा आणि दोन भाकऱ्या खाऊन अकराला आडवा झालो. एक वाजता घशाशी आंबट आलं आणि दोनपर्यंत ओसरीत येरझाऱ्या घातल्या. बोल भाकरीला लावला. गुन्हेगार होते झुणक्यावर ओतलेलं तेल आणि घड्याळ.

रात्री हलकं, दिवसा भरपूर

 हा पर्याय ज्यांना शुगर आहे त्यांना सोयीचा. संध्याकाळनंतर शरीराला ग्लुकोज तितकंसं झेपत नाही. तेच जेवण सकाळी घेतलं तर साखर कमी चढते. पण यात एक धोका आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर रात्री थोडकं खाऊन पहाटे उपाशी पळायला निघू नका, साखर एकदम खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा, आणि खिशात गुळाचा खडा ठेवा.

रविवारी दीड तासाच्या वर पळणाऱ्यांना मात्र हा पर्याय चालत नाही. त्यांना रिकाम्या पोटी पुरत नाही. पुस्तकी हिशोब असा: पळण्याच्या एक ते चार तास आधी, वजनाच्या दर किलोला १ ते ४ ग्रॅम कार्ब्स, वेळ कमी तसं खाणंही कमी. आता आपल्याकडच्या मे महिन्यात हे बसवून बघा. उन्हाच्या आत घरी यायचं तर पाचला निघावं लागतं. चार तास आधी म्हणजे रात्री एकला उठून जेवायचं! ते कुणी करत नाही. मग ६० किलोच्या माणसानं चारला उठून दोन केळी आणि चमचाभर गूळ घ्यावा, ६० ग्रॅमच्या जवळपास भरतं. बाकीचं काम आदल्या रात्रीच्या जेवणानं करायचं. म्हणजे लांब पळणाऱ्याला आदल्या रात्री हलकं राहून चालत नाही.

शेजाऱ्यांची गोष्ट निराळी. दीडला जेवण, आठला खेळ, मध्ये साडेसहा तास नुसता चहा. साहजिकच दुसऱ्या गेमला हात जड होतो. त्यांना मी साडेपाचला वाटीभर मुरमुऱ्यांची सुशीला खा म्हणालो. मुरमुरे पोटाला जड होत नाहीत. खेळून आल्यावर मुगाची खिचडी, तीही बेतानं, कारण पुढचा खेळ दुसऱ्या दिवशी रात्री आहे आणि साठा भरायला चोवीस तास पडलेत. ते म्हणतात, खिचडीनं झोप येत नाही. सातला घेतलेल्या कडक चहाचं नाव काढत नाहीत. कॅफिन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे बाराला अर्धा चहा जागाच असतो.

सातनंतर बंद

भाच्याचा हा पर्याय माझ्या मते तिन्हींत त्याच्यासाठी सगळ्यात वाईट. तो संध्याकाळी साडेसहाला मैदान सोडतो आणि सकाळी साडेपाचला परत उतरतो. मध्ये अकरा तास. रिकामे झालेले स्नायू ताशी साधारण ५ ते ७ टक्क्यांनी भरतात, तेही खाल्लं तर. दिवसाला दोनदा घाम गाळणाऱ्याला दर किलोला ५ ग्रॅम तरी कार्ब्स हवेत. ६० किलोला ३०० ग्रॅम. एका भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ धरलं तर त्यातून ३५ ते ४० ग्रॅम मिळतात, म्हणजे सगळं भाकरीतच मोजलं तर आठेक भाकऱ्या. रात्रीचं जेवण वगळून त्या कुठं बसवायच्या?

तिसऱ्या आठवड्यात त्याचे पाय जड झाले. पहाटे तीनला भुकेनं जाग यायला लागली. एका सकाळी मामीला फरसाणाच्या डब्याचं झाकण उघडं सापडलं आणि वादाचा निम्मा निकाल तिथंच लागला.

त्यानं मोबाईलवर एक फ्रेंच अभ्यास दाखवला, २०१६ चा. २१ ट्रायथलॉनपटू (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करणारे), तीन आठवडे. एका गटानं संध्याकाळी जोरदार सराव करून रात्री कार्ब्स टाळले, सकाळी उपाशीपोटी सावकाश व्यायाम केला, आणि त्यांची १० किलोमीटरची धाव जवळजवळ तीन टक्क्यांनी सुधारली. खोटं नाही. पण दोन्ही गटांचे दिवसभराचे एकूण कार्ब्स सारखेच होते. रात्रीचे काढून ते दिवसा भरले होते, फरसाणात नव्हे! सकाळचा व्यायामही मुद्दाम हलका ठेवलेला. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये तयारीच्या खेळाडूंवर अशीच पद्धत चार आठवडे वापरली, तर जास्तीचा फायदा दिसला नाही. मुरलेल्या खेळाडूनं हंगामाच्या सुरुवातीला करून बघावं. भरती महिन्यावर आली असताना नको. ज्याला वजनच उतरवायचंय त्यानं दिवसभराचं एकूण खाणं बघावं, सातचा काटा बघून काही होत नाही.

सध्या भाचा साडेसातला दोन भाकऱ्या, वरण आणि वाटीभर भात खातो, दहाला झोपतो, पहाटे अर्धं केळं घेतो. मी आठच्या आत ताटावरून उठतो. शेजारी चहा सोडायला तयार नाहीत.

भरतीच्या दिवशीचं मात्र अजून ठरायचंय. पहाटे रांगेत उभं राहायचं आणि धावायची पाळी कधी येईल सांगता येत नाही, उन्हं वर आल्यावरही येते. अशा वेळी नुसत्या रात्रीच्या जेवणावर भागत नाही. आम्ही म्हणतोय, चारला दोन केळी, मग रांगेत दर दीड-दोन तासांनी राजगिऱ्याचा एक लाडू आणि घोट घोट पाणी, आणि नाव जवळ आलं की खाणं बंद. मामीचा आग्रह धपाट्यांचा आहे. ते धाव झाल्यावर खायचे, एवढ्यावर तडजोड झालीय.