उपसलेल्या दलदलीवर मॉस परत आणणारी कॅनडाची पद्धत: चालते कुठे, फसते कुठे

रोपवाटिकेसाठी आणलेल्या पीट मॉसच्या गोणीवर बहुतेक वेळा कॅनडाचं किंवा एखाद्या बाल्टिक देशाचं नाव असतं. पीट म्हणजे दलदलीत मॉससारख्या बुटक्या, शेवाळी वनस्पती अर्धवट कुजून साचलेला थर. तो जिथून उपसला ती जमीन उपसा थांबल्यावर काळी, उघडी, कोरडी पडून राहते. अशा जमिनीवर मूळची वनस्पती पुन्हा बसवण्यासाठी केबेकमधल्या लावाल विद्यापीठाच्या पीटभूमी संशोधन गटाने, लाइन रोशफोर यांच्या नेतृत्वाखाली, 1990 च्या दशकात एक पद्धत विकसित केली. जिवंत दलदलीवरचा मॉसचा पातळ थर काढायचा आणि उपसलेल्या शेतावर पसरायचा, असं तिचं साधं रूप. आज कॅनडातल्या पीट कंपन्या काम संपलेल्या शेतांवर सर्वाधिक हीच पद्धत वापरतात, आणि तिचं हे परीक्षण आहे.

कौल आधीच देतो: पाचपैकी चार. पाणी अडवण्याचं काम मनापासून केलं तर मॉस येतं, टिकतं आणि काही वर्षांत कार्बनही साठवू लागतं. एक गुण कापला तो दोन कारणांनी. पहिल्या उन्हाळ्याच्या पावसावर तिचं बरंचसं नशीब अवलंबून असतं. शिवाय जागा हिरवी दिसली की काम फत्ते झालं, असा समज करून घ्यायला ती फार वाव देते.

आधी ही जमीन आपली आपण का भरून निघत नाही ते पाहू. पूर्वी पीट हाताने ठोकळे कापून काढत. कापण्याआधी वरची झाडोरा असलेली साल बाजूला काढून ती कापलेल्या खंदकात टाकून देत, त्यामुळे अशा जुन्या खंदकांत मॉस पुष्कळदा आपोआप परत आलेलं आढळतं. आताची रीत वेगळी आहे. दर 30 मीटरवर चर खणून शेत कोरडं करतात, पृष्ठभाग खरवडून वाळवतात आणि ट्रॅक्टरमागच्या व्हॅक्यूम यंत्राने पीट ओढून घेतात. हे वर्षानुवर्षं चाललं की खाली उरतं ते जुनं, घट्ट, अर्धं कुजलेलं पीट. त्यात ना बी असतं ना मॉसचे जिवंत तुकडे. अशा दलदलीतलं मुख्य मॉस म्हणजे स्फॅग्नम. त्याला मुळं नसतात, पाणी वर नेणाऱ्या नळ्याही नसतात. ते केशाकर्षणाने पाणी ओढतं आणि पानांतल्या रिकाम्या, मृत पेशींत साठवतं. पीटमधल्या पाण्याचा ताण, म्हणजे पीट पाणी किती घट्ट धरून आहे ते, सुमारे 100 मिलिबारच्या पलीकडे गेला की स्फॅग्नमला ते ओढता येत नाही. उघड्या शेतात उन्हाळ्याच्या चार कोरड्या दिवसांत वरचा थर त्या पलीकडे जातो. या पद्धतीतली प्रत्येक पायरी ताण त्या मर्यादेच्या आत ठेवण्यासाठी आहे, एवढं लक्षात ठेवलं तर कुठली पायरी टाळता येईल हा प्रश्नच पडत नाही.

एका हेक्टरला लागणारा माल असा: डोनर जागेचं, म्हणजे जिथून मॉस काढायचं त्या जिवंत दलदलीचं, 1,000 चौरस मीटर क्षेत्र, म्हणजे एकास दहा हे प्रमाण, त्यावरचा 10 सेंटिमीटर थर, म्हणजे सुमारे 100 घनमीटर, गहू, ओट किंवा बार्लीचं 3,000 किलो काड, म्हणजे 200 किलोचे 15 गोल गठ्ठे, आणि 150 किलो रॉक फॉस्फेट. यंत्रं शेतीतलीच आहेत: रोटाव्हेटर, लोडर, शेणखत पसरायचं यंत्र, काड उडवणारं यंत्र. कुठलंही खास उपकरण विकत घ्यावं लागत नाही, आणि या पद्धतीच्या प्रसाराचं श्रेय बऱ्याच अंशी याच गोष्टीला जातं.

पहिलं काम जमिनीचं. उपशाच्या वेळी पाणी चरांत वाहून जावं म्हणून शेतं मध्ये फुगीर ठेवलेली असतात. तो फुगवटा काढून सपाटीकरण करायचं, वर आलेली पापुद्र्यासारखी कोरडी साल खरवडायची आणि उताराला आडवे बुटके बांध घालायचे. महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामात समतल बांध घालतात तो पाणी जमिनीत मुरावं म्हणून. इथे पाणी वरच्या थरातच, शेतभर सारखं पसरून राहायला हवं. म्हणून बांध उंच करण्याचा मोह आवरावा. मागे गुडघाभर तळं साचलं तर पसरलेलं मॉस आणि काड तरंगून वाऱ्याबरोबर एका कडेला गोळा होतं आणि उरलेलं शेत पुन्हा उघडं पडतं. पुरात वाहून गेलेली शेतं आणि वाळून गेलेली शेतं, दोन्ही अपयशं पुष्कळदा सपाटीकरणात झालेल्या हयगयीतून येतात.

डोनर जागा निवडताना बहुतेक चुका होतात, म्हणून इथे जरा थांबू. आपल्याला हवी ती उंचवट्यांवर वाढणारी स्फॅग्नमं: तपकिरी छटेचं स्फॅग्नम फस्कम, लालसर स्फॅग्नम रुबेलम. ही दाट गाद्या करतात, पाणी धरून ठेवतात आणि कोरडा काळ सोसतात. खड्ड्यांत वाढणारं हिरवं, ओल्या पिसासारखं लुळं पडणारं स्फॅग्नम कस्पिडाटम गोळा करायला सोपं असतं, पण उघड्या शेतावर ते तग धरत नाही. गोळा केलेला मूठभर माल हातात घेऊन पाहिला तर चांगल्या मालात मॉसची गच्च डोकी, तीन-चार सेंटिमीटरचे रंगीत देठ आणि अधूनमधून पॉलिट्रिकम या दुसऱ्या मॉसचे ताठ, ताऱ्यासारखे शेंडे दिसतात. तपकिरी, भुसभुशीत, झुडपांच्या मुळ्यांनी भरलेला माल दिसला तर रोटाव्हेटर 10 सेंटिमीटरच्या खाली गेला असं समजावं. मॉसची पुन्हा फुटायची ताकद वरच्या थरात असते. खाली खणलं तर माल वाढतो आणि जीव पातळ होतो. शिवाय डोनर जागाही लवकर भरून येत नाही. गोळा करायला योग्य वेळ म्हणजे वसंताच्या सुरुवातीला वरचा थर वितळलेला आणि खालची जमीन अजून गोठलेली असताना, कारण तेव्हा यंत्रं रुतत नाहीत. उन्हाळ्यात ढीग करून ठेवू नये. तो बाहेरून वाळतो आणि आतून कुजतो. पुढे उपशासाठी उघडायच्याच असलेल्या भागातून माल घेतला तर वेगळी दलदल खरवडावी लागत नाही.

मॉस पातळ पण सलग पसरायचं आणि त्याच दिवशी वर काड टाकायचं. काडाला 3,000 किलोचं प्रमाण ठरलं ते विचारपूर्वक. त्याखाली हवा दमट राहते, दिवसाचं तापमान उतरतं, पीटमधलं पाणी कमी उडतं आणि तरीही मॉसला उजेड मिळतो. काटकसर करून निम्मं काड टाकलेल्या शेतात पहिल्याच उन्हाळ्यात मॉस पांढरं पडतं. काडातून तणाचं बी येतं हे खरं, पण आम्ल, भिजलेल्या पीटवर त्यातलं फारसं टिकत नाही.

रॉक फॉस्फेट, चौरस मीटरला 15 ग्रॅम, स्फॅग्नमसाठी टाकलेलं नसतं. त्याचा फायदा पॉलिट्रिकम स्ट्रिक्टम या ताठ मॉसला होतो. उघड्या पीटवर शरदात आणि वसंतात रात्री बर्फाच्या सुया उगवतात, माती उचलतात आणि कोवळी रोपं उपटून टाकतात. पॉलिट्रिकमचा गालिचा ही उचल रोखतो आणि त्याच्या आडोशाला स्फॅग्नम जम बसवतं. जिथे पाणी भरण्याची शक्यता आहे किंवा जवळ बर्चची झाडं आहेत तिथे हे खत टाळलेलं बरं, नाहीतर पैसे खर्चून बर्चची लागवड होते.

चर बुजवणं शेवटी येतं, कारण त्याआधी यंत्रांना कोरडी वाट हवी असते. नेमकं इथेच काम रेंगाळतं. मॉस पसरलं, काड पडलं, हंगाम संपला, चर पुढच्या वर्षी बुजवू, असा विचार होतो आणि त्या एका उन्हाळ्यात बरंचसं मॉस जातं. कंत्राटात पसरणी आणि चरबंदी एकाच हंगामात लिहून घ्यावी. बंधारा ओल्या, तंतुमय पीटचा, चरापेक्षा रुंद आणि दोन्ही काठांत शिरलेला असावा. सुक्या पीटने भरलेल्या चरातून पाणी आतल्या आत पाझरत राहतं.

निकाल पाहायचा तर केबेकमधल्या रिव्हिएर-दु-लूजवळची ब्वा-दे-बेल ही जागा. 1973 ते 1980 या काळात तिथे उपसा झाला, 1999 च्या शरदात सुमारे 8.4 हेक्टरवर ही पद्धत वापरली गेली आणि शेजारचा एक भाग तुलनेसाठी तसाच उघडा ठेवला. हा तुलनेचा भाग राखण्याचा शहाणपणा फार थोड्या प्रकल्पांत दिसतो. काम झाल्यावर 14 ते 16 वर्षांनी तीन वर्षं केलेल्या मोजणीत ही दलदल दरवर्षी चौरस मीटरला सरासरी सुमारे 78 ग्रॅम कार्बन साठवत होती. मिथेन आणि पाण्यातून वाहून गेलेला कार्बन वजा करून हा आकडा आहे, म्हणून तो विश्वासाने सांगता येतो. त्याच जागेची उणी बाजूही नोंदलेली आहे. दहा वर्षांनंतरही नवं मॉस आणि खालचं जुनं पीट यांच्यात पाण्याचा नीट सांधा जुळलेला नव्हता. नव्या थरातली छिद्रं मोठी, खालच्या पीटमधली बारीक, त्यामुळे कोरड्या काळात खालचं पाणी वर चढायला अडतं. थर दाट होत जाईल तसा हा सांधा सुधारायला हवा.

झाडोरा परतला की नाही हे ठरवण्याची लावालच्या गटाची रीत आम्हाला पद्धतीइतकीच मोलाची वाटते. प्रत्येक शेतात 5 बाय 5 मीटरचे कायमचे चौकोन आखायचे. त्यात झुडपं आणि गवतं 1 मीटरच्या चार चौकटींत मोजायची, मॉस मात्र 25 सेंटिमीटरच्या वीस छोट्या चौकटींत. मोठ्या चौकटीत उभं राहून मॉसचा अंदाज घेतला की तो हमखास फुगतो, कारण डोळा हिरवं एकत्र करून पाहतो. पहिली मोजणी तिसऱ्या वर्षी, दुसरी पाचव्या, पुढे दर पाच वर्षांनी. त्याआधीचे आकडे काडाखाली झाकलेले असतात, त्यांच्यावर बिल चुकतं करू नये.

पूर्व कॅनडातल्या अशा 53 दलदलींची तुलना केल्यावर शेवट तीन प्रकारचे दिसले: स्फॅग्नमचा गालिचा, पॉलिट्रिकमचा गालिचा आणि उघडं पीट. पॉलिट्रिकमवर अडकलेली जागा पूर्ण वाया गेलेली नसते, पण ती कोरड्या बाजूला आहे हे ती सांगते. उघड्या पीटकडे चाललेल्या शेताची खूण म्हणजे डायक्रॅनेला सर्व्हिक्युलाटा, काळ्या मातीवर मखमलीसारखं पसरणारं अगदी बुटकं मॉस. तिसऱ्या वर्षी ते चौकटीमागून चौकटीत दिसू लागलं तर बंधारे तपासायला लगेच निघावं.

सर्वांत जास्त फसवतं ते कापूस-गवत. एरिओफोरमचे पांढरे बोंडे वाऱ्यावर डोलताना फोटो सुरेख येतो, ड्रोनच्या चित्रातही शेत भरलेलं दिसतं. त्याला खोल मुळं असतात, त्यामुळे पाणी खाली गेलेल्या जागीही ते जगतं. म्हणून उपग्रहाच्या हिरवेपणावर काढलेला निष्कर्ष आम्ही मानत नाही. खाली बसावं, गवताचे झुपके बाजूला करावेत, मधल्या फटीत बोट घालावं. बोटाला थंड, ओलं स्फॅग्नम लागलं तर स्फॅग्नमची नोंद करावी. कोरडा काळा चुरा लागला तर झुपके कितीही असोत, नोंद उघड्या पीटचीच करावी. धारदार सुरीने एक छोटा चौकोन कापून पाहिला की नव्या मॉसच्या थराची जाडीही पट्टीने मोजता येते.

तुलना शेजारच्या न उपसलेल्या दलदलीशी करावी, आणि तीही एकेका जातीच्या नावानिशी. पुनर्स्थापित जागी उघड्या दलदलीतल्या जाती चांगल्या परततात. डबक्यांतल्या जाती मात्र येत नाहीत, कारण पसरलेल्या मालात त्या नसतातच. त्या हव्या असतील तर डबकी वेगळी खणावी लागतात.

डोनर जागाच नसेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये कारखान्यांच्या प्रदूषणाने डोंगरमाथ्यावरची स्फॅग्नमं एवढी संपली की खरवडून आणायला काही उरलं नव्हतं. तिथे चुना, खत, गवताचं बी आणि हेदर या झुडपाच्या काटक्यांनी आधी माती धरली, ओघळींत दगडांचे आणि काथ्याच्या रोलचे बंधारे घातले, मग प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्फॅग्नमची रोपं हाताने लावली. रोपागणिक ते महाग पडतं, पण उताराच्या, ओघळींनी चिरलेल्या जागी काड पसरून काही साधत नाही, तिथे तेच योग्य.

पीटचा थर अर्ध्या मीटरहून कमी उरला असेल किंवा खालची खनिज माती लागली असेल, तर पाणी आम्ल राहत नाही आणि स्फॅग्नमऐवजी लव्हाळी आणि तपकिरी मॉसची पाणथळ जागा बनवण्याचं उद्दिष्ट ठेवावं. आणि तिसऱ्या वर्षी शेताचा काही भाग उघडा राहिलेला आढळला, तर सगळं शेत पुन्हा उकरू नये. आधी त्या भागाचं पाणी दुरुस्त करावं, मग तेवढ्याच तुकड्यावर त्याच प्रमाणात मॉस आणि काड पुन्हा टाकावं. यासाठी डोनर जागेचा एक कोपरा सुरुवातीपासूनच राखून ठेवायला कंत्राटदाराला सांगावं.