सीपी सागवान म्हणून घेतलेलं दार

दिवाळीच्या तोंडावर आई उंबरठ्याशी रांगोळी काढायला बसली आणि म्हणाली, "इथे पीठ कोणी सांडलं?" पीठ नव्हतंच ते. चौकटीतून भुसा गळत होता, तांदळाच्या पिठासारखा मऊ. टॉर्च धरून पाहिलं, तर टाचणीने टोचल्यासारखी भोकं. वीतभर जागेत अकरा मोजली. दार मार्चमध्ये बसवलेलं.

आमचं घर मानेवाड्याला, दर्शनी दार पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी तीननंतर कडीला हात लावता येत नाही, आणि जुलैत त्याच दारावर झड येते. म्हणून ज्याला विचारलं तो एकच सांगे, सीपी सागवान घे. सीपी म्हणजे जुना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, आपलं नागपूर त्याची राजधानी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला माल अजून त्याच नावाने विकतात.

लकडगंजातल्या लाकडाच्या एका टालीवर गेलो. मालकाने आत नेऊन ओंडका दाखवला, वन विभागाच्या हातोड्याचा ठसा असलेला. मी हौसेने फोटोही काढला! भाव साडेचार हजार रुपये घनफूट. ठसा ओंडक्यावर असतो, कापलेल्या मालावर नसतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. तो ओंडका अजून तिथेच पडला असेल, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.

"दार पॉलिश करूनच पाठवतो भाऊ, तुम्हाला कटकट नको." इथे फसलो. दार आलं रात्री आठला, गडद तपकिरी, चकाचक. जुलैत फुगून अडकायला लागलं, तर खांदा लावून ढकलत राहिलो. पावसाळ्यात दारं फुगतातच, म्हटलं.

भुसा पाहून ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पल्ल्याच्या वरच्या कडेला दोनदा रंधा फिरवला. तपकिरी रंग पापुद्र्यासारखा निघाला, खाली फिकट, पांढुरकं लाकूड. "भाऊ, सागवान आहे, पण हे सीपी नाही. बाहेरदेशचं, कोवळ्या झाडाचं. अन् अर्ध्याहून जास्त पांढरं." टिकतो तो गाभा, त्यात तेल असतं. बाहेरच्या पांढऱ्या भागात पिष्ट असतं, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याला तेच लागतं. परदेशी सागवानाबद्दल माझी तक्रार नाही, गाभ्याचं असेल तर चांगलं टिकतं. पण सीपीचा भाव घेऊन पांढरं गळ्यात मारलं. मिस्त्री म्हणाले, यापेक्षा बिजाच्या लाकडाची चौकट घेतली असती तर नातवंडांनी वापरली असती.

मग टेप लावला. चौकटीचे पैसे 5 बाय 3 इंचाने घेतलेले, भरली साडेचार बाय अडीच. साडेसतरा फूट लांबीला 1.82 घनफुटाऐवजी 1.37. म्हणजे नुसत्या मापात दोन हजार गेले. रंधणावळीत थोडं कमी होतं हे मान्य, पण अर्धा-अर्धा इंच?

टालीवर गेलो, तर मालक शांत. "सागवान लिहून दिलं होतं, सागवानच दिलं." चिठ्ठी काढून पाहिली. कच्ची, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. वर फक्त "सागवान दार चौकटीसह, 1 नग". सीपी हा शब्द कुठेच नाही. तो नुसता तोंडी होता.

नवी चौकट या रविवारी येते आहे. लाकूड कोरं मागवलंय, पॉलिश घरी, माझ्यासमोर. टोकं रंगवायची नाहीत असं बजावलंय, कारण गाभा किती अन् पांढरं किती ते कापलेल्या टोकावरच दिसतं. या वेळी बिलावर "सीपी सागवान, गाभा" असं लिहून घेतलंय, मापासकट. तोवर आई रोज सकाळी उंबरठा झाडते आहे.