शिकागोचा एअर शो मासेमारीच्या बोटीवरून: पैसे कशाचे द्यावेत?

१९५९ साली सुरू झालेला, विमानांच्या कसरतींचा शिकागोचा एअर अँड वॉटर शो ऑगस्टमधल्या एका शनिवार-रविवारी मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यावर होतो आणि त्याला तिकीट नसते. नॉर्थ अव्हेन्यू बीचवर सतरंजी टाकून जे फुकट दिसते, तेच मासेमारीच्या भाड्याच्या बोटीवरून पाहण्यासाठी चांगली रक्कम का मोजावी, हा प्रश्न त्यामुळे रास्त ठरतो. बर्नहॅम हार्बरमधून सुटणाऱ्या एका चार्टर बोटीवर मासेमारी आणि एअर शो या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी करून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पैसे विमानांसाठी द्यावेत; मासे मिळाले तर तो वरकड लाभ समजावा.

याचे कारण सरोवराच्या स्वभावात आहे. ऑगस्टमध्ये पाण्याचा वरचा थर तापलेला असतो आणि सामन, लेक ट्राउट यांसारखे थंड पाण्यातले मासे खोल उतरतात. त्यांच्यासाठी किनाऱ्यापासून काही मैल आत जाऊन, वजन लावलेल्या तारेने आमिष खोल सोडून, बोट मंद गतीने सतत पुढे नेत राहावे लागते; यालाच ट्रोलिंग म्हणतात. हवाई कसरती मात्र किनाऱ्यालगत होतात आणि त्या पाहायच्या तर बोट एका जागी थांबवावी लागते. ‘सामन पकडत पकडत एअर शो पाहा’ अशी जाहिरात करणारा एक चालक आम्हाला आधी भेटला होता; ऑगस्टमध्ये हे क्वचितच जमते, एवढे त्याने सांगायला हवे होते. आम्ही ज्या बोटीवर गेलो तिच्या कप्तानाने फोनवरच स्पष्ट केले की, पहाटे निघून आधी खोल पाण्यात ट्रोलिंग करायचे आणि कार्यक्रम साडेदहाच्या सुमारास सुरू होण्यापूर्वी किनाऱ्याकडे परतायचे. या सेवेची खरी किंमत या नियोजनात आहे.

मासेमारीची व्यवस्था चोख होती. गळ, रीळ, आमिष सारे बोटीवरचेच होते, आणि खलाशी नवख्यांना न कंटाळता शिकवत होता. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमानुसार अशा छोट्या बोटीवर सहाच प्रवासी घेतात, त्यामुळे प्रत्येकाला काठी हातात धरायची संधी मिळाली. लेक ट्राउट गळाला लागले, चिनूक सामनने मात्र दर्शन दिले नाही. हा सामन मूळचा इथला नव्हेच. एलवाइफ नावाच्या उपऱ्या माशाचा सुळसुळाट झाला म्हणून १९६०च्या दशकात मिशिगन राज्याने पॅसिफिककडचे सामन या सरोवरात सोडले आणि आजचा सारा चार्टर व्यवसाय त्यातून वाढला. मोठे मासे घरी न्यायचे असतील, तर त्यांतील पीसीबी या विषारी औद्योगिक रसायनाविषयी इलिनॉय राज्याने दिलेला सल्ला आधी वाचून घ्यावा. कार्यक्रमाच्या वेळी नांगर टाकून आम्ही यलो पर्च या माशांसाठी गळ सोडले, पण शेजारच्या बोटींच्या वर्दळीत ते निव्वळ विरंगुळ्यापुरते राहिले. विमानांच्या आवाजाने मासे पळतात, असे बोटीवर कोणीतरी म्हणाले. परंतु हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतांशी परतवला जातो, तेव्हा दोष द्यायचाच तर इंजिनांना द्यावा.

आता विमानांविषयी. कसरतींचा पट्टा पाण्यावर आखलेला असतो, त्यात बोटींना मज्जाव असतो आणि तटरक्षक दल तिथे पहारा देते. आमची बोट या पट्ट्याच्या पूर्वेला, सरोवराच्या बाजूला उभी होती. किनाऱ्यावरचे प्रेक्षक सकाळी सूर्याकडे तोंड करून पाहत असतात. आमच्या मात्र तो पाठीशी होता आणि समोर शिकागोच्या उंच इमारतींची रांग होती. अमेरिकी नौदलाच्या ब्लू एंजल्स या कसरतपथकाचे एकल विमान एका कसरतीत जेमतेम ५० फुटांपर्यंत खाली येते. ते सपाट पाण्यावरून, इमारतींच्या पायथ्याशी सरकताना दिसते, तेव्हा त्याच्या वेगाचा अंदाज येतो, कारण मागे मोजायला मजले असतात. मोकळ्या आकाशात ते जमत नाही. आवाज मागाहून, छातीवर येऊन आदळतो. दोन कसरतींच्या मधल्या वेळात विमाने वळसा घालून पुन्हा जुळतात, तेही बरेचसे आमच्या बाजूला घडत होते, आणि मला मुख्य कसरतींपेक्षा ही जुळवाजुळव अधिक आवडली.

उणिवाही आहेत. सारी मांडणी किनाऱ्याकडे तोंड करून केलेली असल्यामुळे काही रचना आपल्याला पाठमोऱ्या दिसतात आणि ध्वनिवर्धकावरचे निवेदन पोहोचत नाही. शिवाय शेकडो बोटींच्या लाटा काँक्रीटच्या किनाऱ्यावर आपटून उलट येतात, त्यामुळे वारा नसतानाही बोट वेडीवाकडी डुलते. ज्यांना बोटीत मळमळते त्यांनी त्यावरची गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी, नांगर टाकल्यावर नव्हे. दुर्बिणीचा अशा हेलकाव्यांत उपयोग होत नाही. सावली केबिनपुरतीच असते आणि शौचालय इतके अरुंद असते की वयस्कर मंडळींना नेण्यापूर्वी त्याची विचारणा जरूर करावी.

भाडे माणशी नसून संपूर्ण बोटीचे असते, त्यामुळे सहा जण जमवणे हाच काटकसरीचा मार्ग आहे. खलाशाची बक्षिसी वेगळी धरावी आणि सोळा किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाने मासेमारीचा परवाना आधीच ऑनलाइन काढून ठेवावा. नोंदणी करताना कप्तानाला दोन गोष्टी विचाराव्यात: बोट पट्ट्याच्या कोणत्या बाजूला उभी करणार, आणि मासेमारी कितीला थांबवणार. याची उत्तरे गुळमुळीत मिळाली तर दुसरी बोट पाहावी. ज्यांना रजा काढणे शक्य आहे त्यांनी शुक्रवारची रंगीत तालीम निवडावी. विमाने बव्हंशी तीच असतात आणि पाण्यावरची गर्दी पुष्कळच कमी असते.