फॉग लाइट घेण्याआधी: बाईकमध्ये किती वॅट शिल्लक आहेत, हे कसं काढायचं?

फॉग लाइट, मोबाइल चार्जर, थंडीत गरम होणाऱ्या मुठी, मोठा हॉर्न. यांतलं कोणतं घ्यावं हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. आपली गाडी ते ओढेल का, हा प्रश्न मात्र दुकानात 'काही होत नाही हो, सगळे लावतात' एवढ्यावर निकालात निघतो. उत्तर काढायचे तीन मार्ग आहेत: कागदावरचा हिशेब, बॅटरीवर लावलेला साधा मल्टिमीटर आणि डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारं यंत्र. पहिला जवळजवळ फुकट, तिसरा महाग. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी मधला धरावा.

कागदावरचा हिशेब

इंजिनवर फिरून गाडीची वीज बनवणारा भाग म्हणजे स्टेटर, मेकॅनिकच्या तोंडी 'मॅग्नेट कॉइल'. ती किती वॅटची आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडतं. उदाहरणाला ती २०० वॅटची धरू. गाडी इंजेक्शनवाली, हेडलाइट ६०/५५ चा एच-फोर बल्ब. डिपरवर (खालच्या झोतावर) हेडलाइटचे ५५, टेललाइट आणि मीटरचे १०, फ्युएल पंप, इंजेक्टर, इग्निशन, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) मिळून साधारण ७०. ब्रेकलाइट आणि इंडिकेटर अधूनमधून लागतात, त्यांचे सरासरी १० धरा. झाले १४५. सेल्फ मारल्यावर बॅटरीतून गेलेलं परत भरायला १५-२० ठेवा. शिल्लक ३५ ते ४० वॅट.

म्हणजे वीस-वीस वॅटचे दोन एलईडी फॉग बसले आणि हिशेब संपला. त्यावर १८ वॅटचा फास्ट चार्जर लावला की आपण उधारीवर. 'दिवसा हेडलाइट बंद ठेवू' ही जुनी युक्तीही गेली. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत आपोआप लागतो.

हा हिशेब करावाच, पण त्यावर पैसे लावू नयेत. मॅन्युअलमधला आकडा चांगल्या चढ्या आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) असतो, अनेकदा ५००० च्या आसपासचा. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना, तीच कॉइल निम्म्याच्याही खाली येते. पंप आणि हेडलाइट काही निम्मे होत नाहीत. दुसरं, ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला ५५ असतो. चालू गाडीत १४ व्होल्ट मिळाले की तोच बल्ब ६५-७० वॅट खातो. आणि ॲक्सेसरीच्या खोक्यावरचे वॅट तर वाचूच नका. '१२० वॅट' छापलेला मुठीएवढा एलईडी दिवा मीटरला जोडला की दीड अँपिअर ओढताना दिसतो, म्हणजे जेमतेम २० वॅट. इथे फसवणूक आपल्या पथ्यावर पडते, पण हिशेब चुकतोच.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना तर हा मार्ग लागूच पडत नाही. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांमध्ये हेडलाइट थेट कॉइलच्या एसीवर चालतो (म्हणून सिग्नलला तो मंद होतो), आणि बॅटरीच्या वाट्याला थोडाच करंट येतो. एकूण वॅट कितीही असोत, चार्जर आणि फॉग त्या थोड्यातच भागवायचे.

मल्टिमीटर आणि एक जुना बल्ब

तीनशे-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. बॅटरी आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा. इंजिन बंद असताना टर्मिनलवर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. गाडी गरम होईपर्यंत चालवा, मग मीटर लावा. हेडलाइटसकट ३५००-४००० आरपीएमला १३.८ ते १४.४ दिसलं तर चार्जिंग ठीक आहे. तेवढंही येत नसेल तर शिल्लक मोजणं थांबवा आणि आधी कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) तपासा. स्टेटरपासून रेक्टिफायरकडे (एसीचं डीसी करणाऱ्या डब्याकडे) येणाऱ्या वायरींचा काळपट, वितळलेला कपलर हा ठरलेला गुन्हेगार.

आता खरी परीक्षा. जी वस्तू घ्यायची आहे तिच्याएवढा भार आधी खोटा द्या. इंडिकेटरचा बल्ब १० वॅटचा, ब्रेकलाइटचा २१ वॅटचा, जुना एच-फोर ५५ किंवा ६० चा. मगर-चिमट्यांनी ते एकेक करून बॅटरीवर जोडा. (एच-फोर सेकंदांत तापतो, सीटवर किंवा टाकीवर ठेवू नका, टांगता ठेवा.) तुम्ही ज्या आरपीएमला खरोखर गाडी चालवता तिथे ॲक्सिलरेटर धरा आणि मिनिटभर आकडा बघा. १३.५ च्या वर स्थिर राहिला तर तो भार गाडी पेलते. हळूहळू १३ च्या खाली घसरायला लागला, तर बॅटरी रिकामी होते आहे. २१ वॅटला टिकला आणि ५५ ला घसरला, तर तुमची शिल्लक या दोघांच्या मध्ये कुठेतरी. एवढं कळलं की खरेदी ठरवता येते.

हीच परीक्षा आयडलिंगला करा. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमधल्या माणसाला तोच आकडा लागू आहे. वरच्या उदाहरणातली गाडी आयडलिंगला ९० वॅट देत असेल आणि १४० खात असेल, तर काहीही न लावता ५० वॅटची, म्हणजे चार अँपिअरची तूट आहे. आठ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर दोन तास टिकेल. प्रत्यक्षात अर्ध्या-पाऊण तासाच्या जाममध्येच सेल्फ कुरकुरायला लागतो.

डीसी क्लॅम्प मीटर

इलेक्ट्रिशियनकडचा नेहमीचा क्लॅम्प उसना आणू नका, बरेचसे फक्त एसी मोजतात. डीसीवाला दोनेक हजारांच्या पुढे जातो. त्याचा जबडा बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती लावला की करंट बॅटरीत जातोय की बाहेर पडतोय, हे चिन्हासकट दिसतं. आरपीएम हळूहळू वाढवा. ज्या ठिकाणी आकडा शून्य ओलांडतो तो गाडीचा समतोल. त्याच्या खाली बॅटरी देते, वर घेते. याहून स्वच्छ उत्तर नाही. फक्त बॅटरी आधी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर ती भुकेली असल्याने जो करंट खेचते त्याने तुमचा अंदाज चुकतो.

एवढा खर्च कोणी करावा? ज्याला गरम होणारं जॅकेट चालवायचं आहे त्याने. ते एकटंच ६५ ते ९० वॅट खातं, मुठी आणखी ३०-४०. डिसेंबरात स्पितीला जाणाऱ्याने अंदाजावर निघू नये. थंडीत बॅटरीची सेल्फ फिरवायची ताकदही कमी झालेली असते. ग्रुपमध्ये सहा-सातजण असाल तर वर्गणीत एक घ्या.

रात्री कोकणात उतरणाऱ्याला, ताम्हिणीच्या धुक्यात दोन पिवळे दिवे हवे असणाऱ्याला मल्टिमीटर पुरे. नुसता चार्जर हवा असेल तर बऱ्या चालत्या इंजेक्शनवाल्या गाडीत कागदही पुरतो. १० वॅटसाठी एवढी यातायात नको.

शिल्लक कमी निघाली तर

'मोठी बॅटरी टाका' हा पहिला सल्ला मिळेल. टाकी मोठी केली म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. मोठी बॅटरी जाममध्ये थोडा जास्त वेळ देते, वॅट एकही वाढवत नाही.

हेडलाइटला चांगला एलईडी टाकला तर ३०-३५ वॅट मोकळे होतात. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये वाटेल तो एलईडी घुसवला की उजेड विखुरतो आणि घाटात समोरच्याच्या डोळ्यांत जातो. भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरची रेघ जुन्या बल्बसारखीच सरळ पडते का, ते बघा. नसेल तर परत करा. टेललाइट आणि इंडिकेटरच्या एलईडीने फारसं काही हाती लागत नाही.

स्टेटर रिवाइंड करून वॅट वाढवणारे कारागीर आहेत. मी सहसा नको म्हणेन. बऱ्याच गाड्यांतला शंट पद्धतीचा रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) जास्तीची वीज अर्थ करून उष्णतेत घालवतो, त्यामुळे तुम्ही काही लावा न लावा, कॉइल कायम पूर्ण भारावर तापत असते. 'फॉगमुळे कॉइल जळाली' यात म्हणूनच फार तथ्य नसतं. त्याच जागेत जास्त वॅटची कॉइल बसवली की उष्णता मात्र खरोखर वाढते. करायचंच असेल तर सोबत सिरीज पद्धतीचा रेग्युलेटर घ्या. तो लागेल तेवढंच ओढतो आणि कॉइल थंड राहते.

सगळ्यात स्वस्त उपाय स्विचचा. फॉग आणि मुठी वेगवेगळ्या स्विचवर ठेवा, सिग्नलला बंद करा. रिले (फॉगला थेट बॅटरीतून वीज देणारा विजेवर चालणारा स्विच) चालू करणारी वायर इग्निशनवरून घ्या, म्हणजे चावी काढल्यावर काही चालू राहणार नाही. दोन वीस-वॅटी फॉगना तीन अँपिअर लागतात. फ्यूज पाचचा घाला, दुकानदार पंधराचा देईल तरी.