राउटर बिटांवरची करपलेली राळ आणि धुण्याचा सोडा : काही महिन्यांच्या वापरानंतर

राउटर म्हणजे लाकडाच्या कडा आणि खाचा कोरणारे सुताराचे यंत्र; त्याच्या बिटांवर, म्हणजे फिरून लाकूड कापणाऱ्या पात्यांवर, बसणारा काळपट-तपकिरी थर काढण्यासाठी गेल्या हिवाळ्यापासून मी किराणा दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा नियमाने वापरत आहे. त्यात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही निघून गेल्यामुळे आता त्याविषयी ठामपणे लिहिता येते. वडोदऱ्यात माझे काम मुख्यतः सागवानाचे आहे: देव्हारे, तसबिरींच्या चौकटी, आणि जुनी घरे पाडली जातात तेव्हा निघणाऱ्या तुळयांपासून व दारांच्या फळ्यांपासून केलेले लहान फर्निचर. हे जुने लाकूड देखणे असते, पण त्यातले अंगचे तेल आणि वर्षानुवर्षे चढवलेले पॉलिश यांमुळे बिट फार लवकर माखतो.

लाकडातली राळ आणि साखर घर्षणाच्या उष्णतेने मऊ होते, धारेच्या मागच्या बाजूला चिकटते आणि तिथेच भाजून कडक होते. प्लायवुड व एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले तक्ते) यांतला गोंदही तसाच बसतो. थर वाढला की भुसा बाहेर पडण्याची जागा भरते, बिट कापण्याऐवजी घासू लागतो, घासल्याने अधिक तापतो, आणि चौकटीच्या कडेवर करपल्याचे काळे पट्टे उमटतात. धार गेली असे समजून अनेक जण असा बिट धारवाल्याकडे पाठवतात किंवा टाकून देतात. माझ्याकडे आलेल्या अशा बिटांपैकी बरेचसे केवळ मळलेले निघाले, आणि कार्बाइड या फार कठीण पदार्थाची धार असलेल्या चांगल्या बिटाची किंमत पाहता हे टाकणे जिवाला लागते.

माझी पद्धत साधी आहे. आधी राउटरची वायर प्लगमधून काढून बिट बाहेर घ्यावा, आणि बेअरिंग (लाकडाच्या कडेवरून फिरणारे छोटे चाक) असलेला बिट असेल तर छोट्या अॅलन कीने स्क्रू सोडवून बेअरिंग वेगळे ठेवावे. काचेच्या बरणीत कढत पाणी घेऊन पेलाभर पाण्याला दोन चहाचे चमचे सोडा विरघळवावा आणि बिट त्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावा. ॲल्युमिनियमचे भांडे मात्र घेऊ नये, कारण सोड्याने ते काळे पडते. राळेतली आम्ले सोड्याशी मिळून साबणासारखी विरघळू लागतात. काही मिनिटांतच धारेच्या कोपऱ्यांतून कोऱ्या चहाच्या रंगाच्या रेषा पाण्यात उतरताना दिसतात. मग हातमोजे घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासावे, आणि खाचेत अडकलेल्या हट्टी खपलीसाठी पितळी तारेचा ब्रश घ्यावा. पोलादी तारेने किंवा चाकूच्या टोकाने खरवडणे टाळावे, कारण कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ असते आणि त्याच्या पातळ धारेचा कण सहज उडतो.

यापूर्वी मी रॉकेल आणि थिनर दोन्ही वापरलेले आहेत. ताजी राळ त्यांनी निघते, पण भाजलेल्या थरावर त्यांचा प्रभाव फारच कमी पडतो, शिवाय वास आणि आगीची धास्ती कायम राहते. कॉस्टिक सोडा असलेले ओव्हन क्लीनर झपाट्याने काम करतात, तरीही मी ते घेत नाही. कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात, आणि तीव्र रसायनांत बिट राहिला तर त्या बांधणीला धोका संभवतो. याच कारणाने सोड्याच्या सौम्य पाण्यातही बिट रात्रभर ठेवू नये.

बेअरिंगविषयी विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. ते पाण्यात गेले की आतले ग्रीस धुऊन निघते, फिरणे जड होते, आणि अडकलेले बेअरिंग लाकडाच्या कडेला घासून स्वतःच डाग पाडते. ते कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे असते.

पावसाळ्यात या पद्धतीची खरी परीक्षा झाली. सोड्याच्या पाण्यात असेपर्यंत पोलाद गंजत नाही, पण साध्या पाण्याने धुतल्यावर ओला राहिलेला बिट इथल्या दमट हवेत पाहता पाहता तांबूस पडतो. म्हणून तो लगेच पुसून, हेअर ड्रायरने खाचा सुकवून मगच डब्यात ठेवावा आणि पोलादी भागावर मशीन ऑइलचा अगदी पुसट हात फिरवावा. दांड्यावर मात्र तेल राहू देऊ नये, कारण तेलकट किंवा राळ लागलेला दांडा कोलेटमध्ये, म्हणजे राउटरच्या बिट धरणाऱ्या पकडीत, सरकू शकतो. मी कोलेटही त्याच वेळी कोरड्या ब्रशने साफ करतो.

धुतलेल्या बिटाची धार दिव्याखाली फिरवून पाहावी. तीक्ष्ण धारेवर प्रकाश दिसत नाही. बोथट धारेवर बारीक चमकती रेघ दिसते. तशी रेघ असेल तर सोडा काही करू शकत नाही. सागवानात सिलिका असल्याने धार खरोखरही लवकर झिजते, आणि तेव्हा बिट धारवाल्याकडेच द्यावा लागतो. धुतल्यानंतरही लाकूड करपत असेल तर एकाच फेरीत फार खोल कापणे, हात फार हळू चालवणे किंवा मोठ्या व्यासाचा बिट पूर्ण वेगाने फिरवणे यांपैकी काहीतरी कारण असते. सुमारे 50 मिलिमीटर व्यासाच्या बिटासाठी मी वेग मिनिटाला 12,000 फेऱ्यांच्या आसपास ठेवतो, आणि खोल कड दोन-तीन फेऱ्यांत उतरवतो.